जुन्या गोधड्या: किंमत कोण ठरवतं, जपायच्या कशा, नोंद कशी ठेवायची?

जाईजुई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यातलं सासरचं जुनं घर दिवाळीनंतर उतरवायचं ठरलं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेतून चार गोधड्या निघाल्या. दोन मोठ्या लुगड्यांच्या, एक जाडजूड वाकळ (एकट्याने उचलत नाही) आणि एक लहान बाळाची. आजेसासूबाईंनी आणि त्यांच्या जावांनी शिवल्या, एवढंच ठाऊक. एकीची कड उसवली आहे, वाकळीचा एक कोपरा उंदराने कुरतडलाय, बाकी बऱ्या आहेत. वास मात्र भयंकर.

गोधड्या चार आणि घरात मतं पाच. धाकटे दीर म्हणतात टाका. न्यू जर्सीच्या नणंदबाईंना एक भिंतीवर लावायला हवी. पुतण्याने कुठेतरी फोटो टाकले, तर जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने चारींचे मिळून पाच हजार सांगितले, आणि तेही इतक्या पटकन की मलाच शंका आली. सासूबाई आता नाहीत. चुलत सासूबाई साताऱ्याला असतात, वय ८६, बुद्धी अजून तल्लख.

अशा गोधडीची किंमत कोण काढतं, कशावरून? धुवायच्या का? ट्रंकेतच ठेवायच्या की आणखी कुठे? आणि कोणी शिवली, कधी शिवली हे लिहून ठेवायचं तर नेमकं काय काय लिहायचं?

आजीच्या मायेची ऊब वगैरे लिहायला इथे आधीच भरपूर धागे आहेत, तिथे मीही रडून आले आहे. इथे कृपया कामाचं सांगा.

बोहारीण

पाच हजार फार झाले. मी चारींवर एक पातेलं देते, झाकण सोडून.

(आयडीला जागतेय, राग नसावा. वाचत आहे.)

सुईदोरा

कापडाच्या संवर्धनाचं काम करते, म्हणून आधी घाईने एवढंच: धुवू नका. उन्हात टाकू नका, इस्त्री नको, उसवलेली कड शिवू नका, कुरतडलेला कोपरा कापू नका. वासाचं नंतर बघू. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

रोखठोक

हे म्युझियमचं खूळ नको. गोधडी अंगावर घ्यायची वस्तू आहे. आमच्याकडे फाटली की खाली अंथरायची, अजून फाटली की गोठ्यात जायची, मग चुलीत. त्यात वाईट काय? धुवा, उन्हात वाळवा, वापरा.

माणदेशी

रोखठोक, तुम्ही सांगता ते बरोबर आहे आणि म्हणूनच जुनी गोधडी सापडत नाही. जी ट्रंकेत राहिली ती बहुतेक पाहुण्यांची असणार. जावई आला, व्याही आले की निघायची. रोजच्या गोधड्या तुम्ही म्हणता तशाच संपल्या. जाईजुई, तेव्हा या चार गोधड्या म्हणजे घरातल्या सगळ्या गोधड्यांचा नमुना समजू नका, चांगल्यातल्या निवडून ठेवलेल्या आहेत.

आणि त्या जाड वाकळीच्या पोटात काय आहे ते बघा. आमच्या भागात जुनी वाकळ विरली की टाकत नसत, तिच्यावरच नवं लुगडं घालून परत टाके मारत. आत एक पूर्ण जुनी वाकळ असू शकते, तिच्या आत आणखी एक. वजन त्याचंच असतं.

धुण्याबद्दल: घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीला जायचं, दगडावर आपटून निघायचं. दर वर्षी असं झालेलं कापड आहे ते. आता त्यात किती जीव राहिलाय ते सुईदोरा ताईच सांगतील.

सुईदोरा

माणदेशींनी माझं अर्धं काम केलं. आता क्रमाने.

धुवू का नको म्हणाले? लाल काठाचा रंग शेजारच्या पांढऱ्या धोतरात उतरला की तो कुणालाच काढता येत नाही. आणि धुण्याने नुसता मळ जात नाही. बाळाच्या गोधडीवर काजळाचा किंवा तेलाचा डाग असेल, कापडाच्या टोकावर गिरणीचा छाप अर्धवट उरला असेल, तर तीच तुमची माहिती आहे. आधी ती टिपून घ्या.

जमिनीवर स्वच्छ पांढरी चादर पसरा. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा. गोधडी उलगडा, पण झटकू नका. जुन्या घराला माडी असेल तर फार सोय: गोधडी खाली चौकात सावलीत पसरायची आणि माडीवरून सरळ खाली बघून फोटो घ्यायचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो पुढून, एक मागून, चारही कोपरे जवळून. मग खिडकीचा उजेड एका बाजूने तिरपा पडेल असं धरून एक फोटो घ्या. सरळ उजेडात ठिगळांचे रंग दिसतात, तिरप्या उजेडात टाक्यांच्या ओळी उठून येतात, आणि बाईचा हात ओळखायचा तर तो टाक्यात.

उसवलेली कड ही तुमच्यासाठी पर्वणी आहे. तिथून थर मोजता येतील. वर काय, तळाला काय, पोटात काय, तिन्हींची वेगळी नोंद. बोथट चिमट्याने अलगद उचलून बघा, ओढू नका.

टाके असे मोजा: मधल्या भागात एका इंचात किती टाके आणि दोन ओळींमध्ये किती अंतर. तीन-चार जागी मोजा. एकाच गोधडीत दोन ठिकाणी आकडे फार वेगळे आले तर दोन बायका समोरासमोर बसून शिवत होत्या, असं असू शकतं. धावदोरा कडेकडेने गोल फिरत मध्यभागी गेलाय की सरळ ओळी आहेत, तेही लिहा.

एखादा काळा किंवा गडद तपकिरी तुकडा तेवढाच विरलाय आणि शेजारचे धड आहेत, असं दिसतंय का? जुन्या काळ्या-तपकिरी रंगात बऱ्याचदा लोह असायचं, ते सूत आतून खातं. त्या तुकड्याला हात लावू नका. वर तशाच रंगाची बारीक जाळी घालून बाजूच्या धड कापडाला टाचायची, तेवढाच उपाय.

रोखठोक, चारातली एक वापरायला माझी हरकत नाही. कोणती, ते नोंद झाल्यावर ठरवू.

पदरमोड

वय काढायचं असेल तर एक नियम पक्का: गोधडी तिच्यातल्या सगळ्यात नव्या कापडापेक्षा जुनी असू शकत नाही. इरकलीचा तुकडा शंभर वर्षांचा असेल, पण शेजारी नायलॉनचा तुकडा मूळ टाक्यात शिवलेला असला तर गोधडी बहुधा १९६० च्या पुढची. फक्त तो तुकडा मागाहून लावलेलं ठिगळ नाही ना, एवढं बघायचं. मागाहूनच्या ठिगळाचा दोरा वेगळा असतो आणि टाके बहुधा पोटापर्यंत जात नाहीत.

सुताचं की कृत्रिम ते कळत नसेल तर शिवणीच्या आतून एकच धागा काढून, गोधडीपासून लांब, काडी लावा. सूत कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर, नायलॉन वितळून कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

गिरणीचा छाप सापडला तर लॉटरी. लांबी यार्डात असेल तर बहुधा १९६२ च्या आधीचं कापड, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून मीटर सक्तीचा झाला. किंमत ‘न. पै.’ मध्ये असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, नवे पैसे तेवढीच वर्षं चालले. आमचे वडील लालबागला गिरणीत होते, घरात कापडाच्या टोकांचाच ढीग असायचा. १९८२ च्या संपानंतर तो आटला. आईच्या गोधड्यांत हे साल सरळ दिसतं: आधीच्यांत कोरी टोकं, नंतरच्यांत वापरलेले कपडे.

टॉर्चवाला

नीळसर उजेडाची टॉर्च मिळते ऑनलाइन. नवं कापड तिच्यात चमकतं, जुनं चमकत नाही. दोन मिनिटांत निकाल.

सुईदोरा

टॉर्चवाला, अर्धंच खरं. चमकते ती धुण्याच्या पावडरीतली पांढरेपणा आणणारी रसायनं. १९३० चं धोतर परवा पावडरीत भिजवलं तर तेही लख्ख चमकेल. जे चमकत नाही ते अशा पावडरीत धुतलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. पदरमोड यांची पद्धत जास्त भरवशाची.

शुद्धलेखन_पोलीस

‘गोधडीची’ बरोबर, ‘गोदडीची’ सुद्धा चालतं, पण शीर्षकाच्या शेवटी एकच प्रश्नचिन्ह आणि तिन्ही प्रश्न स्वल्पविरामांनी…

बोहारीण

पोलिसांना कोणीतरी दुपट्यात गुंडाळा.

प्रेअरीतला पाटील

नेब्रास्कातून. इथे लिंकनला विद्यापीठाचं क्विल्टचं, म्हणजे इकडच्या गोधड्यांचं, मोठं संग्रहालय आहे, १९९७ मध्ये सुरू झालेलं, जगभरच्या हजारो क्विल्ट आहेत. मी काही जाणकार नाही, बायको तिथे स्वयंसेवक म्हणून जाते, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो.

किमतीबद्दल इथला पहिला धडा असा की जो किंमत सांगतो त्याने ती वस्तू विकत घ्यायची नसते. इथे त्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेले लोक असतात, ते फी घेऊन लेखी मूल्यांकन देतात. तुमच्या व्यापाऱ्याने सांगितली ती किंमत नव्हे, ती त्याची बोली आहे.

दुसरं, ‘किंमत’ एकच नसते. विम्यासाठी काढतात ती वेगळी: तशीच वस्तू आज पुन्हा मिळवायची किंवा करवून घ्यायची तर काय पडेल. बाजारभाव वेगळा: घाई नसलेला विकणारा आणि माहितगार घेणारा कितीवर राजी होतील. बाजारभाव विम्याच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी भरतो. दान देऊन करात सवलत घ्यायची आणि वस्तू ५,००० डॉलरच्या वरची म्हणायची, तर इथे पात्र मूल्यांककाचा अहवाल लागतो. तेव्हा किंमत विचारताना आधी कशासाठी ते ठरवा.

आणि नोंदीबद्दल एक गोष्ट मुद्दाम. १९८१ मध्ये केंटकी राज्यात लोकांनी जुन्या क्विल्टची मोजणी सुरू केली. कारण तुमचंच होतं: व्यापारी घरोघरच्या क्विल्ट उचलून राज्याबाहेर विकत होते, आणि कोणी कुठे शिवलेली हे त्याबरोबर पुसलं जात होतं. गावोगावी दिवस ठरवले, लोकांना सांगितलं घरातली क्विल्ट घेऊन या. फोटो, मापं, शिवणारीचं नाव लिहून घ्यायचं आणि वस्तू ज्याची त्याला परत. संग्रहालयात जमा करा असा आग्रह नाही. पुढच्या काही वर्षांत बहुतेक सगळ्या राज्यांनी तेच केलं.

वाड्यातली वीज

हे आपल्याकडे एखाद्या शाळेत सहज होईल की. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येतातच, येताना एक गोधडी आणा म्हणायचं.

रोखठोक

आणि वाण म्हणून डांबरगोळ्या.

गणिताचे मास्तर

मूल्यांककाचं राहू दे, कष्टाचा हिशोब तरी मांडू. गोधडी १५० सेंमी रुंद, २०० सेंमी लांब धरा. क्षेत्रफळ ३०,००० चौ. सेंमी. टाक्यांच्या दोन ओळींत १ सेंमी अंतर असेल तर धावदोऱ्याची एकूण लांबी ३०,००० सेंमी, म्हणजे ३०० मीटर. ओळी सरळ असोत की गोल फिरत आत जाणाऱ्या, हिशोब तोच: क्षेत्रफळ भागिले ओळींतलं अंतर. अंतर अर्धा सेंमी असेल तर ६०० मीटर. सेंटीमीटरला एक टाका धरला तर पहिलीत ३०,००० टाके, दुसरीत ६०,०००.

आता आजच्या मजुरीने गुणा आणि मग पाच हजाराला चारने भागा.

बॉबिन

मास्तर, हिशोब आवडला, पण मी ऑर्डरच्या गोधड्या शिवते म्हणून दुरुस्ती. टाका सगळीकडे एका वेगाने जात नाही. मऊ, विरलेल्या लुगड्यातून सुई लोण्यातून जावी तशी जाते, आणि मध्ये विजारीचा किंवा पॉलिस्टर साडीचा तुकडा आला की बोट फुटतं. जुनं सुती लुगडंच का घ्यायचे त्याचं कारण हे. तीन-चार थरांची आणि सात-आठ थरांची गोधडी यांत टाके सारखेच भरले तरी कष्ट दुप्पट. आणि ठिगळं जुळवणं, थर सपाट पसरून सुरकुती न पडता टाचून घेणं, हे मीटरमध्ये येतच नाही.

गिऱ्हाईक मात्र विचारतं, ‘जुन्याच साड्या आहेत ना, मग एवढे कसले?’

बाजाराचं सांगते. दुकानात ‘काँथा’ म्हणून जे पलंगपोस विकतात, त्यांत पुष्कळदा दोन जुन्या साड्या एकावर एक ठेवून लांब टाके घातलेले असतात. बंगालची खरी नक्षीची कांथा वेगळी, ती मोठ्या कलेची गोष्ट आहे. आपली गोधडी या दोघींच्या मध्ये सापडते: नक्षी नाही म्हणून कलावस्तू नाही, आणि जुनी म्हणून दुकानात नको. त्यामुळे आज तिला ठरलेला बाजारभावच नाही. नाव-गाव माहीत असलेली, चांगल्या स्थितीतली आणि एका हातची अशी असेल तरच संग्राहक विचारतो.

हल्याळकर

आमच्याकडे उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. हे लोक मूळ आफ्रिकेतले, त्यांतले पुष्कळ पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. त्यांच्यात कोकणी बोलणारे आहेत, मराठी समजणारेही. त्या एका कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने शिवत आत जातात, आणि तुकडे आधी जोडून घेत नाहीत, शिवता शिवता एकेक ठेवत जातात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंधीचा फुला हवाच. फुला नसली तर कवंदी नागडी, असं म्हणतात.

सांगायचा मुद्दा, कोपऱ्यांचे जवळून फोटो घ्या हे सुईदोरा म्हणाल्या ते फार महत्त्वाचं. कोपरा कसा संपवलाय यावरून शिवणारी कुठली ते कधीकधी कळतं.

माणदेशी

आणि कुठली म्हणजे माहेरची कुठली! हे सगळ्यांनी लक्षात घ्या. गोधडी वाईच्या घरात निघाली म्हणून ती वाईची होत नाही. पोरगी शिवायला शिकली आईकडे, नांदायला आली इकडे. तेव्हा नोंदीत बाईचं सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव, तिन्ही हवीत. लग्नात नाव बदललेलं असलं तर दोन्ही नावं. आमच्या घराण्याच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि एका बाईचं माहेरचं नाव सापडत नाही.

जाईजुई

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. शनिवारी वाईला जाऊन फोटो काढते. चुलत सासूबाईंना विचारायला जाईनच, पण काय विचारायचं? मागे एकदा सहज विषय काढला होता तर ‘अगं शिवली असेल कोणीतरी’ म्हणाल्या आणि जेवायला वाढायला घेतलं.

सुईदोरा

‘कोणी शिवली’ असा प्रश्न नका टाकू. गोधडीचा फोटो मोठा छापून घ्या, वर पेन्सिलीने चौकटी आखा, उभ्या अ-आ-इ, आडव्या १-२-३. तो त्यांच्या मांडीवर द्या आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे लुगडं कोणाचं? तुकड्यांवरून माणसं आठवतात, माणसांवरून साल. ‘हे मोठ्या जाऊबाईंच्या डोहाळजेवणाचं’ म्हणाल्या की तुम्हाला तारीख मिळाली. दुसऱ्या कुणालातरी लिहायला बसवा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण त्यांना विचारून. शक्य असेल तर फोटोबरोबर गोधडीही न्या. हात फिरवल्यावर वेगळंच आठवतं.

त्या बोलताना दुरुस्ती करू नका. कापडावरून काढलेलं साल आणि त्यांनी सांगितलेलं साल जुळलं नाही तर दोन्ही लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा.

देवगडकर

आमच्या कोकणात जपायचं म्हणजे काय ते सांगा कोणीतरी. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, गोधडीचं काय घेऊन बसलात. आई कडुनिंबाचा पाला घालते, वहिनी डांबरगोळ्या, आणि कसर दोघींनाही हसते. रिठ्याने धुवावं असंही ऐकलंय.

सुईदोरा

देवगडकर, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात ती चार महिने त्याच्या वरच असते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर ओल आत कोंडेल. लाकडी पेटीत थेट ठेवाल तर लाकडातलं आम्ल कापडाला पिवळं करतं. लोखंडी ट्रंक गंजली की डाग पडतात. त्यातल्या त्यात ट्रंक बरी, पण आतून जाड मांजरपाट दोनदा धुऊन, खळ पूर्ण काढून, अंथरायचा आणि त्यातच गोधडी गुंडाळायची. जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात कोरड्या दिवशी पंख्याखाली उघडून बघायची.

घडी शक्यतो घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी मांजरपाट, मग गोधडी अशी सैल गुंडाळा. वाकळ गुंडाळली जात नाही, तिची घडी घालावीच लागेल. मग घडीच्या आत कापडाच्या गुंडाळ्या भरा म्हणजे धार पडणार नाही, आणि वर्षातून दोनदा घडी वेगळ्या ठिकाणी मोडा. जुनं कापड फाटतं ते घडीच्या रेषेवर.

पाला चालेल, पण पुरचुंडीत, कापडाला न लागता. डांबरगोळ्यांचा मी सल्ला देत नाही, श्वासाला वाईट. कसर खरंच लागली असेल तर गोधडी पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करायची आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाहेरचं दव कापडावर धरतं. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा यासाठी पुरत नाही. मासळीवाल्या मित्राकडे फ्रीझर असेल तर मात्र आधी वासाचा विचार करा.

रिठा सौम्य आहे, पण पांढऱ्यावर तपकिरी झाक सोडतो. धुवायचंच ठरलं तर प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर मागच्या बाजूला ओला पांढरा कापूस मिनिटभर दाबून बघा. एकाचाही रंग कापसाला लागला तर धुण्याचा विषय संपला.

जाईजुई, वासाचं: सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत बाजेवर चादर टाकून तीन-चार दिवस पसरून ठेवा. मग बारीक नायलॉनची जाळी वर धरून व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी ओढीवर फिरवा. पुष्कळ वास धुळीतच असतो.

भिंतीवर लावायची तर खिळे-चिमटे नको. मागून वरच्या कडेला रुंद कापडी बाही शिवायची आणि तिच्यातून दांडा घालायचा, म्हणजे वजन सगळीकडे वाटलं जातं. समोर खिडकी नको. संग्रहालयात अशा कापडावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, बैठकीच्या खोलीत दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. काही महिने लावा, मग उतरवून विश्रांती द्या.

वकिलीणबाई

नणंदबाईंना पाठवण्याआधी वाचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या गोधड्या बहुधा तेवढ्या जुन्या नसाव्यात, पण बाळाच्या गोधडीबद्दल शंका आली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घेता येतं. पदरमोड यांच्या पद्धतीने काढलेलं वय इथे कामाला येईल.

नुसतीच वाचक

सगळ्या संग्रहालयाला देऊन टाका ना. निदान टिकतील.

सुईदोरा

इतकं सोपं नाही. जागा नसते, माणसं नसतात, आणि माहिती नसलेली गोधडी घेऊन ते लिहिणार काय? पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं उदाहरण घ्या. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, घरातल्या रोजच्या वस्तू जमवल्या तेव्हा त्या लोकांना अडगळच वाटत होत्या. १९७५ मध्ये तो संग्रह सरकारकडे गेला, आज लोक तिकीट काढून बघतात. पण जमवणारा एकटा माणूस आयुष्यभर त्यामागे होता. तुम्ही आधी कागद तयार करा. त्यानंतर एखाद्या संग्रहालयाला विचारायला तोंड राहतं. दुरुस्तीसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची केंद्रं आहेत, तिथे विचारून बघा.

जाईजुई

आले जाऊन. वाकळीच्या पोटात खरंच दुसरी वाकळ निघाली, माणदेशी दादा! कुरतडलेल्या कोपऱ्यातून दिसतेय, निळ्या चौकड्यांची. बाहेरच्या थराचा दोरा पांढरा, आतल्याचा लाल.

चुलत सासूबाईंनी आधी ‘कसली चिंध्यांची चौकशी’ म्हणून हसून घेतलं. मग आ-३ वर बोट ठेवलं आणि दीड तास थांबल्या नाहीत. आजेसासूबाईंच्या मोठ्या जाऊबाईंचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं, सगळे ‘थोरल्या काकी’ म्हणायचे. ते नाव मिळालं, माहेर मिळालं. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं, तर त्याने लगेच आकडा दुप्पट केला, त्यावरूनच काय ते समजले. दीर आता म्हणताहेत बाळाची गोधडी त्यांच्या नातवाला हवी. नणंदबाईंनी सध्या फोटोवर समाधान मानलंय.

पहिल्या गोधडीचा कागद असा केलाय, बघून सांगा. घरातल्यांची नावं इथे देत नाही, कागदावर आहेत.

गोधडी क्र. १. माप १४८ × २०६ सेंमी. वर: दोन लुगडी (एक हिरवं, एक वांगी रंगाचं) आणि खणाच्या चोळीचे नऊ तुकडे. पोटात: धोतर, दोन थर. तळ: एकच पांढरं लुगडं, लाल काठ. गोट: लाल, दोन ठिकाणी बदललेला. धावदोरा कडेकडेने आत, ओळींतलं अंतर सुमारे ८ मिमी, इंचाला तीन टाके. कृत्रिम धागा मूळ कापडात नाही. डाव्या खालच्या बाजूचं ठिगळ पॉलिएस्टरचं, मागाहूनचं. शिवणारी: थोरल्या काकी (दोन्ही नावं), माहेर कोरेगाव तालुका. साल: चुलत सासूबाईंच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे १९५८. कोणासाठी: नव्या सुनेसाठी. सांगणारी: तीच सून.

माणदेशी

कोरेगाव बघा! वाईची नाहीच म्हटलं होतं.

पदरमोड

१९५८ आणि मूळ कापडात कृत्रिम धागा नाही, जुळतंय. हिरव्या लुगड्याच्या टोकाला छाप आहे का ते मात्र लिहिलं नाहीत.

गणिताचे मास्तर

१४८ × २०६ भागिले ०.८ म्हणजे सुमारे ३८१ मीटर.

सुईदोरा

उत्तम. चार गोष्टी राहिल्या: टाक्याचा दोरा सुती की आणखी कसला, कोपरे कसे संपवलेत, आजची स्थिती (विरलं कुठे, डाग कुठे) आणि नोंद केल्याची तारीख. क्रमांक गोधडीवर लिहू नका, स्टिकर किंवा बॉलपेन तर अजिबात नको. सुती फितीच्या तुकड्यावर दोऱ्याने क्रमांक आणि नाव भरा आणि मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, फक्त तळाच्या थरातून चार सैल टाके घालून लावा. कागदाच्या तीन प्रती करा, एक तुमच्याकडे, एक दिरांकडे, एक नणंदबाईंना.

वाकळ उसवायची घाई करू नका. आत आणखी थर असतील तर ते टेबलावर, दोन माणसांनी करायचं काम आहे. पुढच्या महिन्यात मी साताऱ्याला येणार आहे, व्यक्तिगत निरोप करते.

रोखठोक

ठीक आहे, ठीक आहे. आमच्या गोठ्यात एक पडली आहे, म्हशीखाली. तिचे फोटो आधी काढू की आधी म्हैस उठवू?